व्हॉल्व्ह मुंबईत बसला, रक्त कुठे तपासायचं?

हृदयात यांत्रिक व्हॉल्व्ह, म्हणजे कृत्रिम झडप, बसवलेल्या माणसाला रक्त पातळ करायची गोळी घ्यावी लागते. ती किती घ्यायची हे पीटी-आयएनआर तपासणीच्या आकड्यावरून ठरतं: रक्त गोठायला जितका जास्त वेळ, तितका आकडा मोठा. या तपासणीसाठी रक्त घेतात ती नळी निळ्या टोपणाची असते. तळाशी ३.२ टक्क्यांचं सोडियम सायट्रेट आधीच भरलेलं आणि बाहेरून एक रेघ. रक्त बरोबर रेघेपर्यंत आलं तर नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण जमतं. पण शीर नीट सापडत नाही, बाहेर रांग लागलेली असते, रक्त निम्म्यावर येऊन थांबतं आणि नळी तशीच पुढे पाठवली जाते. आता सायट्रेट जास्त झालं. रक्त गोठायला खरं लागतो त्याहून जास्त वेळ लागतो, आणि ज्याचा आयएनआर २.४ आहे त्याच्या हातात तीनच्या पुढचा आकडा पडतो. फोनवरून निरोप येतो, "गोळी अर्धी करा." पुढच्या काही दिवसांत त्या माणसाच्या छातीतल्या धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरायला सुरुवात होऊ शकते.

उलटी चूकही तितकीच सोपी. हे रक्त साध्या तापमानात चोवीस तास टिकतं, त्याला बर्फ नको. इतर नमुन्यांबरोबर ते थंड पेटीत गेलं तर थंडीने रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी सातवा घटक जागा होतो, रक्त लवकर गोठतं आणि आकडा कमी दिसतो. मग गोळी वाढवली जाते आणि रुग्णाच्या हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. तालुक्याच्या गावात रक्त घ्यायचं, गाडीने जिल्ह्याला किंवा घाटावर धाडायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा ऐकायचा, या सगळ्या वाटेत अशा चुकांना जागाच जागा आहे.

कोकणात आरोग्याचा विषय निघाला की मागणी एकच होते: जिल्ह्याला सुपर स्पेशालिटी रुग्णालय द्या, कॅथलॅब (धमनीतून नळी घालून हृदय तपासायची खोली) द्या, हृदयाचं ऑपरेशन इथेच होऊ द्या. मागणी चुकीची नाही. सावंतवाडीहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला की कोल्हापूरही लांब पडतं. तरीही व्हॉल्व्ह आणि महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) यांच्या आजारांपुरतं आमचं मत ठाम आहे: पैसा आणि माणसं तुटपुंजी असतील तर त्यांचा पहिला वाटा ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या कामावर खर्च व्हावा. ऑपरेशन माणसाच्या आयुष्यात एकदा होतं, फार तर दोनदा. पंचविसाव्या वर्षी यांत्रिक व्हॉल्व्ह बसलेल्या मुलीला पासष्टाव्या वर्षापर्यंत महिन्याला एक तपासणी धरली, तर ४८० वेळा आयएनआर पाहावा लागेल. तो आकडा चुकला तर मुंबईत चांगलं झालेलं ऑपरेशन गावात वाया जातं.

ऑपरेशनला पर्याय नाही, हेही आधीच स्पष्ट केलेलं बरं. डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत शिरतं त्या तोंडावर तीन पाकळ्यांचा एऑर्टिक व्हॉल्व्ह असतो. निरोगी माणसात तो तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडतो. पाकळ्यांवर चुना साचून किंवा त्या एकमेकींना चिकटून ही वाट एक चौरस सेंटिमीटरच्या खाली आली, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर गेला आणि व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबात सरासरी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरचा फरक पडला, की आजार तीव्र समजतात. चढावर धाप लागणं, छातीत दुखणं, चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं ही त्याची तीन लक्षणं. रॉस आणि ब्राउनवॉल्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेला हिशोब आजही शिकवला जातो: व्हॉल्व्ह बदलला नाही तर छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडू लागल्यापासून तीन आणि हृदय थकून धाप लागू लागल्यापासून दोनच वर्षं हातात राहतात.

गोळीने हा चुना थांबवता येईल, अशी आशा एकेकाळी होती. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांवर २००५ चा साल्टायर, २००८ चा सीस आणि २०१० चा अ‍ॅस्ट्रोनोमर असे तीन अभ्यास झाले. एकातही व्हॉल्व्हचं अरुंद होणं थांबलं नाही. त्यामुळे "आधी औषधाने बघू, ऑपरेशन नंतर" असं म्हणत वर्ष काढणाऱ्या कुटुंबाचं ते वर्ष फुकट जातं. वयस्क रुग्णात मांडीच्या धमनीतून व्हॉल्व्ह बसवण्याची सोय आता आहे. छाती न उघडता असा व्हॉल्व्ह आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथे पहिल्यांदा बसवला, तेव्हा मांडीच्या शिरेतून. कोकणपट्टीला लागूनच असलेल्या वापीच्या मेरिल कंपनीचा 'मायव्हॉल' हा असा व्हॉल्व्ह परदेशी व्हॉल्व्हच्या तोडीस तोड असल्याचं २०२४ च्या लँडमार्क अभ्यासात दिसलं. पण हा उपाय मुख्यतः म्हाताऱ्या, चुना साचलेल्या व्हॉल्व्हसाठी आहे. लहानपणी घशाच्या संसर्गामागून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने तिशीतच खराब झालेल्या व्हॉल्व्हला अजूनही छाती उघडावी लागते, आणि तिथे बहुतेक वेळा यांत्रिक व्हॉल्व्हच बसतो, कारण जनावराच्या ऊतीपासून बनवलेला व्हॉल्व्ह तरुण शरीरात लवकर झिजतो.

यांत्रिक व्हॉल्व्हच्या बाबतीत आपल्या देशाने केलेलं काम मोठं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीची मॉडेलं एकामागून एक बाद केली. कृत्रिम नीलमाची तबकडीही वापरून पाहिली, ती टिकली नाही. शेवटी कोबाल्ट-क्रोमच्या कड्यात घट्ट पॉलिइथिलिनची तबकडी बसवलेला व्हॉल्व्ह ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. पुढे एक लाखाहून जास्त रुग्णांना तो मिळाला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून व्हॉल्व्ह बदलण्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे गरीब घरातला माणूसही या टेबलापर्यंत पोचतो. खरी अडचण तो गावी परतल्यावर सुरू होते.

यांत्रिक व्हॉल्व्हवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपल्याकडे बहुतेकांना अ‍ॅसिट्रोम मिळते, काहींना वॉर्फरिन. आयएनआर किती हवा हे व्हॉल्व्ह कोणता आणि कुठे बसवला यावर ठरतं. एऑर्टिकच्या जागी दोन पात्यांचा आधुनिक व्हॉल्व्ह असेल आणि दुसरी काही जोखीम नसेल तर २ ते ३, मायट्रलच्या (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या व्हॉल्व्हच्या) जागी असेल तर २.५ ते ३.५. म्हणून ऑपरेशननंतर मिळालेलं व्हॉल्व्हचं कार्ड रेशनकार्डासारखं जपून ठेवायला हवं. ते हरवलं की तालुक्याचा डॉक्टर कुठला आकडा गाठायचा या विचारात पडतो.

"आता नव्या गोळ्या आल्यात, त्यांना तपासणीच लागत नाही," असं रुग्ण विचारतात, कधी औषध दुकानदारही सांगतो. यांत्रिक व्हॉल्व्ह असलेल्याने ती गोळी घेऊ नये. या नव्या गोळ्यांपैकी डाबिगाट्रान यांत्रिक व्हॉल्व्हवर वापरून पाहिलं तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि तो अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. तशाच एपिक्साबान या गोळीवरचा अभ्यासही गुठळ्या जास्त झाल्याने थांबला. संधिवाती हृदयरोगात ठोके अनियमित झालेल्या रुग्णांवरच्या २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासातही जुनी गोळीच सरस ठरली. म्हणजे पुढची बरीच वर्षं हीच गोळी आणि हीच रक्ततपासणी राहणार आहे, आणि तपासणीची सोय करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता ही गोळी कोकणातल्या वर्षाच्या चक्रात ठेवून पाहू. आषाढात लावणी लागते. बायामाणसं दिवसभर चिखलात उभी असतात, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, म्हणून डॉक्सिसायक्लिन दिलं जातं. ते योग्यच आहे, पण ते रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढवू शकतं. कंबर धरली म्हणून दुकानातून घेतलेली डायक्लोफिनॅकची गोळी रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवते. मग श्रावण येतो. मासळी बंद होते, ताटात टाकळा, भारंगी, अळू येतं. गोकुळाष्टमीला तळकोकणात आंबोळ्यांबरोबर शेगलाची भाजी, म्हणजे शेवग्याचा पाला, भादव्यात ऋषिपंचमीची सगळ्या पाल्यांची भाजी. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं आणि ही गोळी नेमकी त्याच्याच विरुद्ध काम करते. पाला वाढला की आयएनआर खाली येतो. त्याच दिवसांत गौरी-गणपती: घर चाकरमान्यांनी भरलेलं, जेवणं रात्री उशिरा, गोळीची वेळ चुकते. अ‍ॅसिट्रोमचा रक्तातला अंश आठ ते अकरा तासांत निम्म्यावर येतो, वॉर्फरिनचा दीड दिवसाने. त्यामुळे अ‍ॅसिट्रोमचा एखादा डोस चुकला तरी दुसऱ्या दिवशी त्याचा परिणाम रक्तात दिसतो.

अशा वेळी "पालेभाजी आयुष्यात खायची नाही" असं सांगून मोकळं होणारे बरेच आहेत. हा सल्ला घातक आहे. शरीरातला के जीवनसत्त्वाचा साठा आटला की एखाद्या दिवशीच्या वाटीभर भाजीनेही आयएनआर खूप हलतो. खायचं, पण दर आठवड्याला साधारण तेवढंच, आणि श्रावण-भाद्रपदात तपासणी महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी करायची. हे सांगायला हृदयतज्ज्ञ लागत नाही. ते पाळता यावं म्हणून तपासणी मात्र चालत जाण्याच्या अंतरावर लागते.

त्यासाठी बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन मिनिटाभरात आयएनआर दाखवणारं छोटं यंत्र आहे. साखर तपासायच्या यंत्रासारखंच दिसतं. आमची मागणी अशी: कोकणातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि व्हॉल्व्हचे रुग्ण जास्त असतील त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे यंत्र ठेवावं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तपासणी ठेवावी. बाजाराला माणूस येतोच. तपासणीसाठी वेगळी एसटी, वेगळा खाडा नको.

यंत्र घेतलं म्हणजे काम झालं असं समजू नये. रक्ताचा थेंब ज्यांवर घेतात त्या पट्ट्या महाग असतात आणि त्याच आधी संपतात, म्हणून पट्ट्यांचा खर्च यंत्रापेक्षा आधी मंजूर व्हावा. पट्ट्या साधारण २ ते ३० अंशांच्या दरम्यान आणि कोरड्या ठेवाव्या लागतात. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ३० च्या पार जाते आणि पावसात हवा ओली असते. तेव्हा डबी घट्ट बंद करून शीतकपाटात ठेवायची आणि पट्टी बाहेर काढली की काही मिनिटांत वापरायची. बोट कोमट पाण्याने धुऊन पुरतं कोरडं करायचं. थेंब पहिल्या टोचणीला आला पाहिजे, बोट पिळत बसलं की रक्त तिथेच गोठू लागतं. फार रक्तक्षय असलेल्या माणसात आकडा भरवशाचा नसतो, आणि कोकणातल्या बायकांत रक्तक्षय काही दुर्मिळ नाही. यंत्राने साडेचारच्या वर आकडा दाखवला तर शिरेतून रक्त घेऊन, रेघेपर्यंत भरलेल्या निळ्या नळीतून, खात्री करायची.

डोस बदलण्याचं तंत्रही लिहून भिंतीवर लावता येण्याजोगं आहे. रोजची गोळी न मोजता आठवड्याचे एकूण मिलिग्राम मोजायचे आणि आकडा थोडा इकडेतिकडे असेल तर त्या बेरजेत ५ ते १५ टक्क्यांचाच फरक करायचा, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. सर्वांत मोठी चूक होते ती घाबरून दिलेल्या के जीवनसत्त्वाच्या मोठ्या इंजेक्शनाची. रक्तस्राव नसताना आयएनआर सहा आला म्हणून ते टोचलं, तर पुढचे बरेच दिवस गोळी कामच करत नाही आणि व्हॉल्व्हला गुठळीपासून संरक्षण राहत नाही. तिथे एक-दोन डोस चुकवून लवकर पुन्हा तपासणं एवढंच बहुधा पुरतं. आणखी एक गोष्ट घरच्यांना शिकवून ठेवावी. यांत्रिक व्हॉल्व्हचा टकटक आवाज रात्री शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येतो. तो अचानक मंद झाला किंवा बंद झाला आणि धाप लागली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

बोटाच्या थेंबाचा उपयोग खरोखर होतो का? २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये हेनेगन आणि सहकाऱ्यांनी अकरा चाचण्यांतल्या सहा हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र तपासली. स्वतः तपासणी करणाऱ्यांत गुठळीच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या, यांत्रिक व्हॉल्व्हवाल्यांतही. विरुद्ध बाजूही सांगायला हवी: २०१० च्या अमेरिकी अभ्यासात घरच्या साप्ताहिक तपासणीने मृत्यू, पक्षाघात किंवा मोठा रक्तस्राव कमी झाला नाही. पण तिथे तुलना होती ती नीट चालणाऱ्या, महिन्याला हमखास तपासणाऱ्या दवाखान्याशी. आपल्याकडे तो दवाखानाच नाही. म्हणून पहिल्या निष्कर्षाकडे आमचा कल आहे, आणि म्हणूनच इथली मोजणी इथेच झाली पाहिजे असंही वाटतं.

ऑपरेशनच्या आधीचं काम पोरांच्या घशापासून सुरू होतं. घशाच्या स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे धरतात, आणि त्याच वेळी व्हॉल्व्हलाही सूज येते. एकदा असा ताप येऊन गेलेल्या मुलाला बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी दिलं तर पुन्हा ताप सहसा येत नाही. मोठ्या मुलाला १२ लाख युनिट, लहानग्याला ६ लाख. हृदयाला इजा नसेल तर पाच वर्षं किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत. इजा होऊन भरली असेल तर दहा वर्षं किंवा एकविसाव्यापर्यंत. व्हॉल्व्ह खराब राहिला असेल तर दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत. प्रत्येक वेळी जे लांब असेल ते. युगांडात ज्यांच्या इकोत नुसती सुरुवात दिसत होती अशा ८१८ मुलांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास झाला: दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. हृदयरोगात इतक्या स्वस्त औषधाने एवढा फरक क्वचितच पडतो.

तरी हे इंजेक्शन द्यायला दवाखाने कचरतात, कारण रिअ‍ॅक्शनची धास्ती. भीती समजण्यासारखी आहे, पण उपाय साधे आहेत. मूल जेवून, पाणी पिऊन आलेलं असावं. इंजेक्शन आडवं झोपवून द्यावं, नंतर काही वेळ तिथेच ठेवावं आणि अ‍ॅड्रेनालिन भरून नाही तरी हाताशी असावं. औषध दाट असतं, बारीक सुईत अडकतं. २१ ते २३ नंबरची सुई घ्यावी आणि कुपी हातात धरून कोमट करावी. ज्याचा व्हॉल्व्ह आधीच फार अरुंद आहे किंवा हृदय थकलंय, त्याला गोळ्याच द्याव्यात. अशा रुग्णांचा इंजेक्शननंतर झालेला मृत्यू बहुधा अ‍ॅलर्जीने न होता दुखण्याने दाब एकदम उतरून होतो, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये सांगितलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत जातातच आणि त्यांच्या यादीत संधिवाती हृदयरोग आहेच. छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयात जादा आवाज ऐकू आलेल्या प्रत्येक मुलाचा महिन्याभरात इको आणि इंजेक्शनची तारीख लिहिलेलं कार्ड, एवढी साखळी पक्की व्हायला हवी.

महाधमनीबद्दल थोडक्यात. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आली की सगळे हार्ट अटॅक धरतात. महाधमनीचं आतलं अस्तर फाटलं असेल आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर अनर्थ होतो. हृदयाजवळच्या भागात फाटलं असेल तर सुरुवातीला दर तासाला मृत्यूचा धोका एक-दोन टक्क्यांनी वाढतो. म्हणून ते इंजेक्शन भरण्याआधी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजा. वरच्या दाबात २० पेक्षा जास्त फरक आढळला तर थांबा आणि रुग्णाला सीटी स्कॅन आणि ऑपरेशन दोन्ही होतील तिथेच हलवा. सिंधुदुर्गातून ती वाट बऱ्याचदा गोव्याची असते. तरुण मुलीच्या एका हाताची नाडीच लागत नसेल तर टाकायासू आजार (महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात) आठवा. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच मधल्या महाधमनीच्या अरुंदपणावर निबंध लिहिला होता, म्हणजे हा आजार आपल्याकडे नवा नाही. शंभरात एक-दोन माणसांच्या एऑर्टिक व्हॉल्व्हला जन्मतः दोनच पाकळ्या असतात आणि त्यांची महाधमनी फुगू शकते. अशा रुग्णाच्या भावंडांचा आणि मुलांचा एकदा तरी इको व्हावा, आणि फुगवटा ठाऊक असलेल्याला दुसरा पर्याय असताना सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची प्रतिजैविकं देऊ नयेत.

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रबंधाचे विषय लागतातच. पहिला विषय तयार आहे: जिल्ह्यातल्या व्हॉल्व्ह बसवलेल्या प्रत्येक माणसाची नोंदवही. व्हॉल्व्ह कोणता, कुठे, कधी. गोळी कोणती, आठवड्याला किती. वर्षातले किती दिवस आयएनआर हव्या त्या टप्प्यात. बोटाच्या थेंबाच्या दर वीस तपासण्यांमागे एक शिरेच्या रक्ताशी ताडून पाहायची, म्हणजे दमट हवेत पट्ट्या कशा वागतात ते कळेल. दुसरा विषय लावणीचा: डॉक्सिसायक्लिन सुरू होण्याआधी आणि सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी आयएनआर. तिसरा ऋषिपंचमीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याचा. आणि दोडामार्गच्या बाजूला, जिथे २०१६ पासून गोचिडींतून येणारा आणि रक्तस्रावही होऊ शकणारा माकडताप आहे, तिथे ताप आलेल्या व्हॉल्व्हच्या रुग्णाची गोळी त्याच दिवशी कोण ठरवणार त्याचं नाव आणि फोन नंबर आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, याच दिवाळीच्या आत.